दप्तरावरची पेप्पा आणि तिच्यामागचा हिशोब

एक साधं उदाहरण घेऊ: कार्टूनमधल्या पेप्पा पिगचं चित्र असलेलं शाळेचं दप्तर, छापील किंमत ५९९ रुपये. यातले ९१ रुपये जीएसटीचे. राहिले ५०८. त्यातले दोनशेच्या वर थोडे किरकोळ दुकानदार आणि वितरक यांच्यात वाटले जातात आणि दप्तर बनवणाऱ्या कंपनीच्या बिलावर ३०० रुपये लागतात. रॉयल्टी, म्हणजे पात्र वापरल्याबद्दल मालकाला द्यायचा वाटा, या ३०० वर असते, ५९९ वर नाही. दर १० टक्के धरला तर ३० रुपये झाले. मालकाच्या वतीने परवाने देणारा भारतातला लायसन्सिंग एजंट त्यातले २५ ते ४० टक्के ठेवतो. ३० टक्के धरू, म्हणजे ९ रुपये गेले. पात्राच्या मालकाकडे निघाले २१, तेही कर कापायच्या आधी.

आकडे समजुतीसाठी घेतलेत, प्रमाणं मात्र बाजारातलीच आहेत. कपडे, दप्तरं, खेळणी यांवर रॉयल्टी साधारण ८ ते १४ टक्के असते. बिस्किटं, ज्यूस अशा मालावर ती ३ ते ५ टक्क्यांपर्यंत उतरते, कारण तिथे नगामागे नफा पातळ आणि खप प्रचंड.

आता दुसरं टोक बघा. या असल्या एकवीस-एकवीस रुपयांच्या जोरावर हॅस्ब्रो या अमेरिकन खेळण्यांच्या कंपनीने २०१९ मध्ये पेप्पाची मालक कंपनी एंटरटेनमेंट वन सुमारे ४०० कोटी डॉलरना विकत घेतली. त्या कंपनीकडे सिनेमे होते, मोठ्यांच्या मालिका होत्या, संगीताचा व्यवसायही होता. २०२३ मध्ये हॅस्ब्रोने सिनेमा-टीव्हीचा तो सगळा पसारा लायन्सगेट या स्टुडिओला सुमारे ५० कोटी डॉलरना विकून टाकला. पेप्पा मात्र स्वतःकडे ठेवली. कशासाठी खरेदी झाली होती हे यावरून कळतं.

पेप्पा सुरू झाली ३१ मे २००४ ला, ब्रिटनच्या चॅनल फाइव्हवर. नेव्हिल ॲस्टली, मार्क बेकर आणि फिल डेव्हिस या तिघांचा छोटा स्टुडिओ, पाच-पाच मिनिटांचे भाग, चित्रं बघावीत तर लहान मुलाने काढल्यासारखी. २०१५ मध्ये एंटरटेनमेंट वनने यात आपला हिस्सा ५० वरून ७० टक्के केला, त्या २० टक्क्यांसाठी १४ कोटी पौंड मोजले. तिघांनी सुरुवातीलाच सगळे हक्क वाहिनीला विकले असते, तर या व्यवहारात त्यांना बसायला खुर्चीही मिळाली नसती.

वाहिनीच्या पैशात मालिका होत नाही

मुलांच्या ॲनिमेशन मालिकेचं ठरलेलं माप म्हणजे ५२ भाग, प्रत्येकी ११ मिनिटं. वर्षातले ५२ आठवडे आणि अर्ध्या तासाच्या जागेत दोन भाग, असं ते गणित आहे. एक वाहिनी एका देशातल्या प्रक्षेपणासाठी जी फी देते, त्यात निर्मितीचा एक तुकडाच भागतो. बाकीचा पैसा चार-पाच ठिकाणांहून गोळा करावा लागतो: ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड अशा देशांतली करसवलत, इतर वाहिन्यांकडून आगाऊ विक्री, जागतिक वितरकाची उचल आणि खेळण्यांच्या कंपनीने दिलेली हमी. निर्माता या प्रत्येकाला हक्कांचा एकेक तुकडा देऊन बसतो. मालिका चालली की मगच कळतं, कुठला तुकडा स्वस्तात गेला.

ब्रिटनमध्ये ही ओढाताण आणखी वाढली. तिथे मुलांच्या कार्यक्रमांत साखर-मीठ-चरबीवाल्या पदार्थांच्या जाहिरातींवर २००७ पासून बंदी आली. जाहिरातीचं उत्पन्न आटणार हे दिसताच तिथल्या आयटीव्ही वाहिनीने २००६ मध्येच मुलांच्या कार्यक्रमांची स्वतःची निर्मिती गुंडाळली. बंदी योग्यच होती, पण तिची भरपाई कुणी केली नाही. ती झाली टी-शर्ट, डबे आणि बाहुल्यांतून. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत यूट्यूबवर मुलांची माहिती गोळा केल्याचं प्रकरण १७ कोटी डॉलर भरून मिटलं आणि जानेवारी २०२० पासून ‘मुलांसाठी’ असा शिक्का असलेल्या व्हिडिओंवर व्यक्तीनुसार दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती बंद झाल्या. पुन्हा तेच झालं. बघणारे कोट्यवधी, पण दर व्ह्यूमागे मिळकत कमी, म्हणून बालगीतांच्या चॅनलांनीही बाहुल्या काढायला घेतल्या.

करारात सर्वात जास्त घोळ ‘निव्वळ नफ्यात वाटा’ या शब्दांत असतो. येणाऱ्या रॉयल्टीतून आधी वितरकाचं कमिशन जातं, मग त्याचा खर्च (जत्रांतले स्टॉल, कायदेशीर नोंदणी, डबिंग), मग त्याने दिलेली उचल वसूल होते आणि मग उरलं तर निर्मात्याला. पात्र जगभर दिसतं आणि निर्मात्याच्या विवरणपत्रावर वर्षानुवर्षं उणे आकडा दिसतो, याचं कारण बहुधा इथेच असतं. यावर दोन उपाय. खर्चाला कमाल मर्यादा लिहून घ्यायची आणि टीव्हीची उचल मर्चंडाइजच्या, म्हणजे पात्राच्या मालाच्या, उत्पन्नातून वसूल करता येणार नाही, असं कलम घालायचं. दोन्ही गोष्टी सही करण्याआधीच मिळतात, नंतर नाही.

हक्कांची वाटणी किती विचित्र होऊ शकते, त्याचं उत्तम उदाहरण ब्लुई ही कार्टून मालिका. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या लुडो स्टुडिओत बनते. तिथली एबीसी वाहिनी आणि ब्रिटनची बीबीसी स्टुडिओज यांनी मिळून ती काढायला सांगितली आणि १ ऑक्टोबर २०१८ ला ती सुरू झाली. अमेरिकेत ती डिस्नेवर दिसते. २०२४ मध्ये तिथल्या स्ट्रीमिंगवर सर्वाधिक पाहिला गेलेला कार्यक्रम तीच होती, सुमारे ५,५६० कोटी मिनिटं. पण जगभरचे मर्चंडाइजचे हक्क आहेत बीबीसी स्टुडिओजकडे आणि खेळणी बनवते मेलबर्नची मूज टॉइज. दाखवणारा एक, विकणारा दुसरा. डिस्नेसारख्या कंपनीला, जिचं अर्धं साम्राज्यच पात्रांच्या मालावर उभं आहे, आपल्याच पडद्यावर दुसऱ्याचं दुकान चाललेलं बघावं लागतं, ही गंमत धंद्यातले लोक चवीने सांगतात.

पात्र आधी की खेळणं आधी

१९८२ मध्ये मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने ही-मॅनच्या बाहुल्या बाजारात आणल्या आणि १९८३ मध्ये त्यांच्यावर मालिका काढली. त्याच्या पुढच्या वर्षी हॅस्ब्रोने जपानच्या टकारा कंपनीचे गाडीचा रोबो होणारे खेळ घेतले, मार्व्हलकडून त्यांना नावं आणि गोष्टी लिहून घेतल्या आणि ट्रान्सफॉर्मर्स तयार झाले. हे अमेरिकेत शक्य झालं, कारण त्याच काळात तिथल्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, जाहिरातींवरचे निर्बंध सैल केले. १९९० च्या कायद्याने ते थोडे पुन्हा आवळले. मुलांच्या कार्यक्रमात तासाला जाहिराती कामाच्या दिवशी जास्तीत जास्त १२ मिनिटं आणि शनिवार-रविवारी साडेदहा मिनिटं.

त्यात एक नियम फार धारदार आहे. ज्या पात्राचा कार्यक्रम चालू आहे, त्याच पात्राच्या मालाची जाहिरात त्यात आली, तर तो अख्खा कार्यक्रमच जाहिरात म्हणून मोजला जातो. तीस सेकंदांच्या चुकीची तीस मिनिटं होतात. २००४ मध्ये याच प्रकारच्या चुकांसाठी व्हायाकॉमला १० लाख आणि डिस्नेला ५ लाख डॉलर भरावे लागले. २०१८ मध्ये सिंक्लेअरच्या वाहिन्यांवर हॉट व्हील्सच्या कार्यक्रमात हॉट व्हील्सच्याच जाहिराती गेल्या आणि दंडाचा आकडा २६ लाख डॉलरच्या वर गेला. मुद्दाम केलेला हा उद्योग बहुधा नसतो. जाहिरातींची यादी लावणाऱ्याकडे फक्त ‘खेळणी, ३० सेकंद’ एवढंच लिहिलेलं असतं, त्यात पात्राचं नाव नसतं. म्हणून सावध वाहिन्या प्रत्येक जाहिरातीला पात्राचं नाव जोडतात आणि ते कार्यक्रमाच्या नावाशी संगणकावर पडताळतात.

खेळण्यातून मालिका उभी करण्याचं शास्त्र सर्वात नीट कुणाला कळलं असेल, तर जपानी लोकांना. तोएई कंपनी १९७५ पासून रंगीत पोशाखांतल्या लढवय्यांच्या ‘सुपर सेंताई’ मालिका काढत आली, खेळणी बांदाईची. जवळपास दरवर्षी नवा संघ, नवे पोशाख, नवं यंत्र. पाच जणांची पाच वाहनं आणि ती जोडली की एक मोठा रोबो. एक वाहन घेतलं की उरलेली चार घरात नसल्याचं मुलाला रोज दिसत राहतं. अमेरिकेत निर्माते हाइम सबान यांनी १९९२ च्या सेंताई मालिकेतली मुखवट्यांतली मारामारी उचलली, बिनमुखवट्याचे प्रसंग अमेरिकन नट घेऊन नव्याने चित्रित केले आणि १९९३ मध्ये पॉवर रेंजर्स आणले. खर्चिक दृश्यं तयार मिळाली आणि खेळण्यांचे साचे जपानमध्ये आधीच बनलेले होते. हा ब्रँड पुढे डिस्नेकडे गेला. डिस्नेला तो नीट चालवता आला नाही, म्हणून सबान यांनी २०१० मध्ये तो साधारण ४ कोटी ३० लाख डॉलरना परत घेतला आणि २०१८ मध्ये हॅस्ब्रोला सुमारे ५२ कोटी डॉलरना विकला.

पॉ पेट्रोल हा याच विचाराचा आजचा अवतार. कॅनडातली स्पिन मास्टर ही खेळण्यांचीच कंपनी. तिने बॉब द बिल्डरचे निर्माते कीथ चॅपमन यांच्या कल्पनेवर २०१३ मध्ये ही मालिका निकेलोडियनवर आणली. सहा कुत्री, प्रत्येकाचा व्यवसाय वेगळा, पाठीवरची अवजारांची पिशवी वेगळी, गाडी वेगळी. मग दर काही महिन्यांनी नवा विषय: समुद्र, डायनोसॉर, महाशक्ती. त्याच कुत्र्यांना नवे पोशाख आणि नव्या गाड्या. गोष्टीच्या अंगाने ही मालिका मला फारशी मानवत नाही, पण दुकानाच्या फळीच्या अंगाने ती बिनचूक आहे. फळीवर दर हंगामात काहीतरी ‘नवीन’ असतं आणि मुलाचं आवडतं पात्र मात्र तेच राहतं. ब्लुईत असं काही नाही. घर, गाडी, आई-बाबा आणि दोन बहिणी. म्हणूनच तिची खेळणी मालिका लोकांच्या घरात रुळल्यावर आली आणि त्यात घर हेच मुख्य खेळणं ठरलं.

भारतात हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनने २००८ मध्ये पोगोवर छोटा भीम आणला, तेव्हा पात्राचे हक्क स्वतःकडे ठेवले आणि पुढे स्वतःची दुकानंही काढली. आपल्याकडच्या बहुतेक स्टुडिओंनी परदेशी मालिकांचं काम मिनिटाच्या दराने करून दिलं. दोन्हीत चित्रं काढणारे हात सारखेच कुशल होते.

लायसन्स घेणाऱ्याच्या बाजूने

इथे येते ‘मिनिमम गॅरंटी’, म्हणजे एमजी. माल विको न विको, मुदतीत इतकी रॉयल्टी द्यायचीच, असं बंधन. वरच्याच दप्तराचं गणित पुढे नेऊ. दोन वर्षांची एमजी १५ लाख ठरली, तर नगामागे ३० रुपयांनी ती फेडायला ५०,००० दप्तरं विकावी लागतात. विकली गेली ३२,००० तर कमावलेली रॉयल्टी होते ९ लाख ६० हजार, पण भरायचे १५ लाखच. विक्री ९६ लाखांची, म्हणजे कागदावरची १० टक्के रॉयल्टी प्रत्यक्षात १५.६ टक्के पडली. दप्तरातला नफा तिथेच संपतो. शिवाय मार्केटिंग फंड म्हणून विक्रीच्या १ ते ३ टक्के वेगळे द्यावे लागतात आणि ते एमजीत धरले जात नाहीत. ही ओळ लोक हटकून विसरतात.

एमजी ठरवताना आपल्या गेल्या वर्षीच्या एकूण खपावर जाऊ नये. बिगर-पात्राच्या दप्तरांतली किती गिऱ्हाइकं १०० रुपये जास्त देऊन पात्राकडे वळतील, हा खरा प्रश्न असतो. एजंट तीन आकडी वाढीचा तक्ता दाखवतो. त्यातला पहिल्या वर्षाचा आकडा निम्मा करून त्याच्या ६०-६५ टक्क्यांवर एमजी मागावी, असा माझा ठोकताळा आहे. एमजी कमी होत नसेल तर हप्ते तरी मालाच्या हंगामाशी जुळवून घ्यावेत. सहीच्या वेळी एक हिस्सा जातोच. उरलेले तिमाही हप्ते जून-जुलैनंतर पडले तर विक्रीच्या पैशांतून जातात, आधी पडले तर बँकेच्या.

करारात चार गोष्टी नेमक्या लिहिलेल्या असतात: कुठला माल, कुठला प्रदेश, कुठली विक्रीची वाट आणि किती काळ. ‘शालेय साहित्य’ असं मोघम लिहिलं तर कंपासपेटीवरून वाद, ‘बॅग’ असं लिहिलं तर चाकांची ट्रॉली बॅग त्यात येते की नाही यावरून वाद. ऑनलाइन विक्री वेगळी वाट मानली जाते. राखीसारखा माल तर स्वतंत्र प्रकार म्हणूनच घ्यावा लागतो. तिचा सगळा खप तीन आठवड्यांत होतो आणि पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या मालाची किंमत शून्य असते.

वयाची मर्यादा हा न दिसणारा खड्डा. पेप्पासारखं पात्र दोन ते पाच वयाचं. मोठ्या शिशूतून पहिलीत गेलं की मूल तेच पात्र ‘बाळांचं’ म्हणून नाकारतं. तरीही कपडेवाले सवयीने २ ते ८ वर्षं असा मापांचा संच काढतात आणि ६-७, ७-८ ची मापं गोदामात राहतात. माप पाच वर्षांवर थांबवायचं, रंग दोनच ठेवायचे, नक्षी मात्र चार द्यायच्या. चपला-बुटांत मापांचा हा ताप दुप्पट होतो. पाण्याची बाटली, डबा आणि दप्तर यांना मापच नाही, म्हणून नवख्याने तिथून सुरुवात केलेली बरी.

मंजुरी आणि छपाई

मालक कंपनी एक ‘स्टाइल गाइड’ देते. त्यात पात्राच्या ठरलेल्या मुद्रा, रंगांचे पॅन्टोन क्रमांक, अक्षरं, किनारी, पार्श्वभूमीची नक्षी आणि कॉपीराइटची ओळ असते. त्यातलंच चित्र वापरायचं, आपल्या कलाकाराकडून नवीन काढून घ्यायचं नाही. पेप्पाचे दोन्ही डोळे चेहऱ्याच्या एकाच बाजूला असतात, त्यामुळे ‘समोरून बघणारी पेप्पा’ काढायला गेलं की ती पेप्पा राहत नाही. असली चित्रं पहिल्याच फेरीत परत येतात.

मंजुरीचे टप्पे चार: कल्पना, अंतिम आर्टवर्क, उत्पादनापूर्वीचा नमुना आणि प्रत्यक्ष उत्पादनातला नग. प्रत्येक टप्प्याला साधारण दहा कामाचे दिवस धरावेत आणि प्रत्येक टप्प्यात एकदा तरी परत येणार हेही धरावं. बहुतेक करारांत उत्तर आलं नाही म्हणजे नकार, असं लिहिलेलं असतं. ‘पंधरा दिवस काही कळवलं नाही, म्हणून छापून टाकलं’ हे कारण चालत नाही आणि तो माल विनापरवाना ठरतो.

छपाईत नेहमी अडतं ते गडद पॉलिएस्टरवर. लाल किंवा निळ्या कापडावर पांढरी शाई छापली आणि सुकवताना उष्णता जास्त झाली की कापडाचा रंग वर शाईत चढतो. पात्राचे पांढरे डोळे दोन दिवसांत गुलाबीसर दिसू लागतात. नमुना छापून लगेच पाठवला तर तो मंजूर होतो, उत्पादनातला माल नामंजूर. यावर उपाय म्हणजे रंग अडवणारा थर आधी द्यायचा, कमी तापमानावर पिकणारी शाई घ्यायची आणि नमुना दोन-तीन दिवस ठेवून मगच पाठवायचा. भरतकामात बारीक मिशा, पापण्या, छोटी अक्षरं बुजतात, तिथे रबरी पॅच लावलेला परवडतो.

प्लॅस्टिकच्या खेळण्यात साच्याचं पोलाद कापायच्या आधी त्रिमितीतली फाइल आणि छापलेला नमुना मंजूर करून घ्यायचा. साच्यात पोलाद वाढवणं कठीण. कान मोठा करायचा असेल तर पोलाद खोदता येतं, कान लहान करायचा तर वेल्डिंग करून पुन्हा कोरावं लागतं. म्हणून शंका असेल तिथे आकार किंचित लहान ठेवून सुरुवात करतात.

महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यात उघडतात, विदर्भात त्यानंतर. दप्तरं एप्रिलच्या शेवटी दुकानांत हवीत. म्हणजे शिवण जानेवारी ते मार्च, नमुन्यांची मंजुरी नोव्हेंबर-डिसेंबर, आर्टवर्क सप्टेंबर-ऑक्टोबर आणि करारावर सही त्याआधीच्या जुलै-ऑगस्टपर्यंत. चेन, बकल, एलईडी पट्ट्या चीनहून येत असतील तर तिथल्या नववर्षाच्या सुट्टीआधी त्या निघायला हव्यात. सुट्टी जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येते आणि कारखाने पूर्ण वेगाला यायला पुढे आणखी दोन-तीन आठवडे जातात.

कर, कस्टम आणि सुरक्षा

रॉयल्टी परदेशी कंपनीला थेट जात असेल तर कर कापूनच पाठवावी लागते. २०२३ पासून देशी कायद्यातला दर १० वरून २० टक्के झाला. ब्रिटन आणि अमेरिकेबरोबर भारताचे दुहेरी कर टाळण्याचे जे करार आहेत, त्यांत तो १५ टक्के आहे, जपानबरोबर १०. कमी दर मिळण्यासाठी समोरच्याचं कर-रहिवासी प्रमाणपत्र आणि फॉर्म दोन्ही हातात हवेत. ते दरवर्षी नव्याने मागवावे लागतात आणि परदेशी कार्यालयाकडून यायला महिने लागतात. करारात ‘रॉयल्टी सर्व करांव्यतिरिक्त’ असं लिहिलं असेल तर कर तुमच्या खिशातून जातो. १० लाख पोहोचवायचे तर १५ टक्क्यांनी खर्च ११ लाख ७६ हजार. याशिवाय सेवा आयात केली म्हणून १८ टक्के जीएसटी स्वतः भरायचा. त्याची वजावट नंतर मिळते, पण पैसा अडकतो.

तयार खेळणं आयात करत असाल आणि रॉयल्टी त्याच मालाशी बांधलेली असेल, तर कस्टम खातं ती आयातमूल्यात मिळवतं. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १०० रुपयांच्या मालावर ८ रुपये रॉयल्टी असेल तर त्या आठांवरही ५ रुपये ६० पैसे लागतात. न्हावाशेव्याला कंटेनर उतरल्यावर हे कळलं तर फार उशीर झालेला असतो.

शिवाय १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यावर आयएसआय खूण सक्तीची आहे, परदेशी कारखान्यालाही. चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून, केवळ त्यासाठीच नसलं तरी, बनवलेली वस्तू त्या आदेशात खेळणं ठरते. दप्तर खेळणं नाही, पण त्याच्या चेनला लटकवलेली मऊ बाहुली तशी धरली जाऊ शकते. ती बाहुली काढून टाकणं सर्वात स्वस्त पडतं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळीत पूर्ण बसला की नमुना नापास. ही नळी हजारभर रुपयांत मिळते, कारखान्यात एक असावी.

हे सगळं इतकं कडक का झालं, त्याचं वर्ष २००७. जूनमध्ये थॉमस इंजिनाची लाकडी खेळणी, सुमारे १५ लाख नग, रंगात शिसं सापडल्यामुळे अमेरिकेत परत मागवावी लागली. ऑगस्टमध्ये फिशर-प्राइसची डोरा आणि सेसमी स्ट्रीटच्या पात्रांची खेळणी, एकट्या अमेरिकेत ९ लाख ६७ हजार. कारण एकच प्रकारचं होतं: चीनमधल्या रंगकामात न तपासलेला रंग शिरला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत नवा कायदा झाला आणि रंगातल्या शिशाची मर्यादा दहा लाखांत ६०० भागांवरून ९० वर आली. पालकांनी तेव्हा रंगवणाऱ्या कारखान्याला नाही, थॉमसला आणि डोराला दोष दिला. मालक कंपन्या आज रंगाच्या प्रत्येक खेपेचा अहवाल मागतात, तो याच धास्तीने.

कारखाना तपासणीही तशीच आली. नोव्हेंबर २०१२ मध्ये बांगलादेशातल्या ताझरीन कारखान्याला आग लागून शंभरावर कामगार गेले आणि आत डिस्नेच्या पात्रांचे कपडे सापडले. २०१३ मध्ये डिस्नेने बांगलादेश, पाकिस्तान धरून काही देशांत आपला माल बनवणंच थांबवायला सांगितलं. आज डिस्नेच्या कामात कारखान्याचं अधिकृत मंजुरीपत्र लागतं. हंगामात काम वाढलं म्हणून शेजारच्या गाळ्यात दोन हजार दप्तरं परस्पर शिवून घेतली तर करार रद्द व्हायला तेवढं पुरतं.

हिशोब तपासणी आणि करारानंतर

रॉयल्टीचा अहवाल तिमाही संपल्यावर बहुधा ३० दिवसांत द्यायचा असतो. परतावा आणि सवलतींची वजावट विक्रीच्या ५ ते १० टक्क्यांपर्यंतच चालते, त्यामुळे मोठ्या साखळी दुकानांना दिलेली जादा सूट तुमच्याच अंगावर पडते. मालकाचा तपासनीस विक्रीच्या बिलांपासून सुरुवात करतच नाही. तो होलोग्राम, म्हणजे खऱ्या मालावर लावायची चकाकती लेबलं, किती घेतले, किती उरले हे आधी विचारतो. मग सुरुवातीचा साठा अधिक उत्पादन वजा शेवटचा साठा. फुकट दिलेले नमुने, ‘सेकंड’ म्हणून विकलेला माल, भावाच्या फर्मला कमी दराने लावलेलं बिल, फरक इथे सापडतात. फरक ५ टक्क्यांच्या वर गेला तर तपासणीचा खर्चही तुमच्याकडून वसूल होतो.

नकली मालाविरुद्ध मालक कंपनी कस्टमकडे आपले हक्क नोंदवून ठेवते आणि न्यायालयातून ‘अशोक कुमार’ या काल्पनिक प्रतिवादीच्या नावाने आदेश मिळवते, ज्याच्या बळावर नाव माहीत नसलेल्या विक्रेत्याच्या गाळ्यावरही छापा घालता येतो. कॉपीराइट भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. तरी खरं सांगायचं तर नकली माल हटवायचं काम मालकाच्या सवडीने होतं आणि एमजी मात्र तुमची ठरल्या तारखेला जाते. म्हणून ‘ठरावीक मुदतीत कारवाई झाली नाही तर एमजीत कपात’ असं कलम मागून बघावं. मोठे मालक देत नाहीत, मधल्या फळीतले कधी कधी देतात.

मुदत संपल्यावर उरलेला माल विकायला साधारण ९० दिवस मिळतात, तेही एमजी पूर्ण भरलेली असेल आणि शेवटच्या तिमाहीत मुद्दाम जास्त उत्पादन केलेलं नसेल तरच. त्यानंतर उरलेलं नष्ट करून त्याचं प्रमाणपत्र द्यायचं. शालेय मालाचं लायसन्स म्हणूनच ३१ डिसेंबर किंवा ३१ मार्चला संपणारं घेऊ नये, एजंट सवयीने तीच तारीख टाकतो. ३० सप्टेंबर मागावी. जूनचा हंगाम पूर्ण हातात येतो, ९० दिवसांत दिवाळी आणि नाताळची सुट्टी सापडते आणि नूतनीकरण झालंच तर पुढच्या वर्षीचं आर्टवर्क त्याच आठवड्यात सुरू करता येतं.